गुरुलिंगअण्णांच्या बोटीचं इंजिन

गुरुलिंगअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोरड्या तलावाच्या मधोमध एका बोटीत बसले होते.

दुष्काळाचं वर्ष होतं. बदली होऊन मी नुकतीच जळकोटच्या बाजूच्या त्या गावातल्या शाळेत रुजू झाले होते, आणि वर्गातली मुलं नव्या बाईंना तलाव दाखवायला घेऊन गेली होती. तलावात भेगा पडलेला गाळ होता, शिंपले होते आणि लांबवर कुणाची तरी शेरडं होती. त्या सगळ्यात एक लोखंडी बोट तिरकी कलून उभी होती. ती ज्या अंगाला कलली होती त्याच्या उलट्या अंगाला भार देऊन एक गृहस्थ बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला विभूती, आणि एक हात सुकाणूवर.

“ते कोण?” मी विचारलं.

“ते व्हय? गौऱ्याचे वडील, बाई. बोट चालवत्यात.”

“पण पाणी कुठंय?”

“पाणी न्हाय की.”

“मग?”

“मग बसत्यात.”

मुलांना यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं, म्हणून मीही पुढं विचारलं नाही. नंतर ओळख झाल्यावर मी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, “राखण करावी लागती, बाई. लोक पत्रा कापून न्हेत्यात.” काही दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाले, “तिथं वारं चांगलं लागतंय.” तिसऱ्यांदा नुसते हसले. या तिन्हींत खरं कारण कोणतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. अण्णांना तरी ते ठाऊक होतं का, याचीही खात्री नाही.

तलाव झाला तेव्हा गावाची बरीच जमीन पाण्याखाली गेली. काही घरांच्या जमिनीचे तुकडे पलीकडच्या काठाला उरले. अण्णांचाही तसाच एक तुकडा आहे. रस्त्यानं तिकडं जायचं तर सगळ्या तलावाला वळसा घालून, बांधावरून, पुढं ओढा उतरून काळ्या रानातून चालावं लागतं. म्हणून गावानं वर्गणी काढून उजनीच्या फुगवट्याकडून एक जुनी बोट आणली. तिचं इंजिन मागं लटकवायचं नव्हतं, बोटीच्या पोटातच पक्कं बसवलेलं होतं. चालवायला माणूस हवा होता. पलीकडं ज्याची जमीन आहे आणि ज्याला घाई नाही असा माणूस म्हणून सगळ्यांनी गुरुलिंगअण्णांकडं पाहिलं. तेव्हापासून ते बोटीचे झाले.

मी आले त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरीवरची मोटर जळाली. विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं, पण ते वर कसं काढायचं? अण्णांनी स्वतःच बोटीचं इंजिन काढून दिलं. “पाणी हाय तिथं इंजिन न्हाय, आन् इंजिन हाय तिथं पाणी न्हाय,” ते म्हणाले. ट्रॅक्टरवर घालून ते विहिरीवर नेलं. त्या इंजिनानं गावाला पाणी पाजलं, हे अजून लोक सांगतात. पुढं नवी मोटर आली, आणि इंजिन विहिरीशेजारीच राहिलं. आधी त्यावर पोतं होतं. मग पोतं कुणीतरी नेलं आणि कोंबड्या आल्या.

नंतर एका पावसाळ्यात तलाव भरला. बोट आपली आपण वर आली आणि बाभळीला बांधलेल्या दोरावर डुलू लागली. अण्णांनी तिला आधीच खालून डांबर लावून ठेवलं होतं. पण आता बोट कुणी मागत नव्हतं. पोरांकडं मोटारसायकली आल्या होत्या, पलीकडची रानं बहुतेकांनी बटईनं दिली होती. अण्णा आता पाण्यावरच्या बोटीत बसू लागले. फरक एवढाच, की आता त्यांना उलट्या अंगाला भार द्यावा लागत नव्हता.

गजराबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. बोलताना त्या समोरच्याकडं बघत नाहीत, हातातल्या कामाकडं बघतात. भांडताना मात्र बघतात. त्यांचे गुडघे गेले. घरातल्या घरात, परसात, देवळापर्यंत जमतं, पण ओढा उतरून काळ्या रानातून चालणं होत नाही. त्यामुळं पलीकडच्या शेतात त्यांचं पाऊल पडेनासं झालं. अण्णा एकटेच रस्त्यानं जाऊन येत. एरवी हे चालून गेलं असतं, पण येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आली की घरात मन लागत नाही.

आमच्या भागात येळवशीला कुणी गावात राहत नाही. सगळी गावं शेतात जातात. कडब्याची कोपी करायची, तिच्यात पांडव म्हणून दगड मांडायचे, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला हाताला धरून नेतो. मी येडशीची, मला इथं वावर नाही, पण एकही येळवस मी उपाशी घरी बसले नाही.

मागच्या मार्गशीर्षात एका दुपारी मी त्यांच्याकडं गेले होते. गजराबाई वाल सोलत होत्या. अण्णा दारात उकिडवे बसले होते. मुलगा गौरीशंकर पुण्याला कंपनीत आहे, माझा विद्यार्थी. आईवडिलांना न्यायला तो संक्रांतीला येणार होता आणि अण्णा त्याला धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते.

गजराबाईंनी हातातला वाल खाली ठेवला आणि नवऱ्याकडं पाहिलं. मी ओळखलं, की आता भांडण आहे.

“मागच्या दोन येळवशी म्या घरात बसून काढल्या,” त्या म्हणाल्या. “शेजारणीनं दिलेली भज्जी खाल्ली. सवताचं रान असून लोकाच्या रानाची भज्जी! आवो, रानात पाऊल घालायचं न्हाय तर ह्या गावात माझं हाय काय?”

“कोण न्हाय म्हनलं?”

“गुडघे न्हाय म्हनत्यात. आता ऐका. ह्या येळवशीला म्या माझ्या पायानं माझ्या रानात गेले तर गेले. न्हाय गेले, तर संक्रांतीला गौऱ्यासंगं पुण्याला. तिथं लिफ्ट हाय. मग तुमी बसा तुमच्या बोटीत.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

हे ‘बरं’ बोटीत बसण्याला होतं, पुण्याला होतं की येळवशीला, ते मला समजलं नाही. गजराबाईंनाही समजलं नसावं, कारण त्यांनी माझ्याकडं पाहून भुवया वर केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. अण्णा त्यांना इंजिनावरून हुसकत होते.

मदतीला जळकोटहून धोंडप्पा आले. एके काळी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा होता. आता सगळीकडं विजेच्या मोटरी आहेत, त्यामुळं धोंडप्पा नातवंडं सांभाळतात. ते अण्णांचे लहानपणापासूनचे सोबती.

“गुरुलिंगा,” त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारून विचारलं, “हे इंजिन हाय का खुराडं?”

“तू दुरुस्त कर, मग सांगतो.”

“अंडी तुझी का माझी?”

पिस्टन जाम झाला होता. वरून डिझेल ओतून तो भिजत ठेवला. धुराच्या नळीत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती, ती अण्णांनी तारेनं खरवडून काढली. नोझल उघडलं, धुतलं, पुन्हा बसवलं. मला इंजिनातलं काही कळत नाही. पण रोज सकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसून पाहता पाहता लक्षात आलं, की त्या दोघांनाही सगळं कळत नव्हतं. एक जण स्क्रू घट्ट करायचा, दुसरा थोड्या वेळानं तोच सैल करायचा. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असायचे.

पिस्टन सुटला, तरी इंजिन सुरू होईना. अण्णा हँडल मारायचे, इंजिन दोनदा ढेकर द्यायचं आणि गप्प व्हायचं. नळीतली हवा काढली. डिझेल बदललं. गावातला रणधीर, ज्याचा ट्रॅक्टर आहे, तो येऊन म्हणाला, “काका, भंगारात घाला.” त्याला दोघांनी मिळून हाकललं. मग दुपारी, अण्णा डबा सोडत असताना, धोंडप्पांनी सहज हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. काळा धूर, मग पांढरा, मग नुसता आवाज.

“काय केलंस?” अण्णा ओरडले.

“काय न्हाय केलं!”

“मग चालू कशानं झालं?”

“काय की!”

“मग बंद नको करू!”

“आरं, बोटीत न्यायचंय का न्हाय? चालू इंजिन उचलून न्हेतूस?”

बराच वेळ दोघं चालू इंजिनाशेजारी उभे राहिले. शेवटी धोंडप्पांनी डोळे मिटून ते बंद केलं. पुन्हा हँडल मारलं तर ते सुरू झालं. कशामुळं, हे दोघांनाही सांगता आलं नाही, आणि त्यामुळं दोघंही खूश होण्याऐवजी धास्तावलेले दिसत होते.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी रणधीरच्या ट्रॅक्टरनं इंजिन काठावर आलं. जड लाकडांवरून सरकवत ते बोटीत उतरवलं, पंखा फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला जोडलं, बोल्ट आवळले. बोटीचं तोंड तलावाकडं केलं, मागची बाजू काठाला. पाहायला निम्मं गाव आलं होतं. अण्णांनी टोपी नीट केली, इष्टलिंगाला हात लावला आणि धोंडप्पांना खूण केली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

आणि बोट मागं आली. तोंड तलावाकडं असताना ती पाठीनं काठावर चढली, गाळात रुतली, आणि पाहायला उभी असलेली माणसं आपापल्या चपला सोडून पळाली.

“बंद कर! बंद कर!”

मग वाद सुरू झाला. रणधीर म्हणाला, इंजिन उलटं फिरतंय, डिझेलचं जुनं इंजिन कधीकधी उलटं सुरू होतं. धोंडप्पांनी त्याला चाकावरचा बाण दाखवला. चाक बाणाकडंच फिरत होतं. मग पाण्यातला पंखा उलटा बसला असेल. अण्णा कमरेपर्यंत पाण्यात उतरले, हातानं चाचपून आले. पंखा कधी काढलाच नव्हता, होता तसाच होता. इंजिन बरोबर, पंखा बरोबर, आणि बोट उलटी.

“मग पानी उलटं असंल,” मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा हसले नाहीत. ते ओल्या धोतरानं काठावर बसून बोटीकडं बघत होते. उद्या येळवस होती. मी म्हणाले, “अण्णा, रस्त्यानं जीप करून बांधापर्यंत तरी नेऊ त्यांना.”

“बांधापतूर न्हाय जायचं तिला, बाई,” ते म्हणाले. “रानात जायचंय.”

सकाळी मी काठावर पोचले तेव्हा बोट वळवून ठेवली होती. तिचं तोंड आता गावाकडं होतं आणि पाठ तलावाकडं. धोंडप्पा इंजिनाशी बसले होते. रणधीर लांब बांबू घेऊन उभा होता. रात्रीतून त्याचं मन का पालटलं, ते मी विचारलं नाही. गजराबाई आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन सावकाश येत होत्या. एका हातात काठी, दुसरा बिंदग्याला. घरातून उचललेली आंबील रानात पोचेपर्यंत खाली ठेवायची नाही, ही त्यांच्या घरची रीत.

त्यांनी बोट पाहिली.

“आवो, हिचं तोंड इकडं का?”

“तिला तुला बघायचंय,” धोंडप्पा म्हणाले.

“भावजी, सकाळी सकाळी चेष्टा नको.”

अण्णांनी सरळ सांगितलं, “उलटी जाती. कशानं, ते कळंना. पर जाती. बसतीस का?”

गजराबाईंनी क्षणभर नवऱ्याकडं पाहिलं. भांडतानाचं बघणं नव्हतं ते. मग काठी माझ्या हातात दिली आणि बोटीत पाऊल टाकलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बसवलं. आपल्या ठरलेल्या बाजूला बसून त्यांनी बिंदगं मांडीवर घेतलं.

बोट पाठीनं निघाली. उलटी बोट सुकाणूला जुमानत नव्हती. अण्णा ते डावीकडं ओढायचे, बोट मनाला येईल तिकडं जायची. रणधीर बांबूनं पाणी ढकलायचा. एकदा आम्ही गोल फिरून पुन्हा गावाकडं निघालो, काठावरच्या बायकांनी आम्हाला पुन्हा हात केले, आणि आम्हीही केले. मागच्या बाजूनं पाणी आत उडत होतं. मी ओंजळीनं ते बाहेर टाकत होते. आपण पुढं चाललोय की मागं, हे मला कळेनासं झालं.

गजराबाईंना खोकला सुटला. इंजिनाचा सगळा धूर त्यांच्या तोंडावर येत होता.

“गजरा, त्या अंगाला सरक,” अण्णा म्हणाले.

“सरकू कशी? बिंदगं हाय मांडीवर! म्या तर धुरापायीच कायम ह्या अंगाला बसते. धूर त्या अंगाला जायचा की पैला. आता ह्या अंगाला कसा आला? नळी कुनी फिरवली?”

धोंडप्पांनी धुराच्या नळीकडं पाहिलं. मग अण्णांकडं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला.

“आरं गुरुलिंगा! नळी न्हाय फिरली. सगळं इंजिनच फिरलंय!”

विहिरीवर नेलं तेव्हा तिथल्या पंपाला जमेना म्हणून या दोघांनीच जोडणी काढून इंजिनाच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाला बसवली होती. विहिरीवर ते बरोबरच होतं. इतक्या वर्षांत ते दोघंही विसरले. बोटीत परत बसवताना जोडणी असलेलं टोक मागं केलं, म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग मागं गेला आणि पंखा उलटा फिरू लागला. धोंडप्पांनी हे मला समजावलं तेव्हा दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले, मला ते निम्मं समजलं. अण्णांना पुरतं समजलं, कारण त्यांचा चेहरा पडला.

“परत जाऊ,” ते म्हणाले. “फिरवून बसवू. दुपारपतूर हुईल.”

“काय परत बिरत न्हाय,” गजराबाई धुरातून म्हणाल्या. “निम्म्यावर आलाव. आंबील काय परत न्हेऊ घरी? चला असंच.”

“अगं, गोल फिरती ती.”

“फिरू द्या. कवा ना कवा लागंल काठाला.”

इंजिन बंद करायची तर कुणाची छातीच नव्हती. असेच वळत, वळसे घेत आम्ही पलीकडं लागलो, पण अण्णांच्या शेताशी नव्हे, बरंच अलीकडं, एका हरभऱ्याच्या रानाशी. रणधीरनं पाण्यात उडी टाकून दोर धरला. गजराबाईंना उतरवलं. बिंदगं पुन्हा डोक्यावर गेलं. हरभऱ्याच्या बांधावरून त्या पुढं आणि आम्ही मागं. मध्येच थांबायच्या, गुडघा धरायच्या, पुन्हा चालायच्या. अण्णा एक हात पुढं करून मागून चालत होते, पण त्यांनी तो एकदाही लावला नाही.

कोपी अण्णांनी आधीच रस्त्यानं येऊन उभी केली होती. आंबील कोपीत उतरली. पूजा झाली. गजराबाई म्हणाल्या, फेरी मीच घालणार. त्यांनी ‘ओलगे, ओलगे’ असा येळवशीचा घोष करत सगळ्या रानाला फेरी घातली. त्याला इतका वेळ लागला, की धोंडप्पांनी तोवर दोन उंडे गुपचूप खाल्ले.

ऊन उतरू लागलं तशी निघायची तयारी झाली. इंजिन सुरू झालं. आम्ही हाक मारली. गजराबाई कोपीच्या तोंडाशी बसून होत्या, हातात काही काम नव्हतं.

“तुमी जावा, बाई,” त्या मला म्हणाल्या. “म्या ऱ्हाते.”

“कुठं?”

“इथं. कोपीत. आता परत जायचं, परत ह्यानं यायचं, कशाला? इथं चालायचं कुठं हाय? सगळं पायाशी हाय.”

अण्णांचा एक पाय बोटीत होता, एक काठावर. “आन् पुणं?” त्यांनी विचारलं.

“म्या काय म्हनले हुते? रानात गेले तर गेले. आले की!”

“आन् मी?”

“तुमी बोटीत जावा, न्हायतर इथं ऱ्हावा. मला काय इचारता?”

अण्णांनी बोटीतला पाय काढून घेतला. बोट आम्ही तिघांनीच परत नेली, आणि तिनं आम्हाला कुठं कुठं फिरवलं ते सांगत नाही.

संक्रांतीला गौरीशंकर आला. माझ्याकडं बसून म्हणाला, “बाई, पुण्याला नाही, गावातल्या घरातही नाही. हे काय आहे? तुम्ही तरी सांगा.” मी त्याला धुराच्या नळीपासून सगळं सांगितलं. त्याला काही उलगडलं असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पलीकडं जाऊन आईवडिलांशी बोलून आला, आणि पुण्याला परतण्याआधी जळकोटहून पत्रे आणि खांब पाठवायची व्यवस्था करून गेला. रागानं की आनंदानं, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. इंजिन धोंडप्पांनी फिरवून सरळ बसवलं.

आता गुरुलिंगअण्णा आणि गजराबाई तलावापलीकडं आपल्या शेतात पत्र्याच्या दोन खोल्या घालून राहतात, आणि अण्णा बाजाराच्या दिवशी बोटीनं गावात येऊन तेल-मीठ घेऊन जातात.